हिरवे कान

अंबादासच्या शेडमधले माग आज वजनावर गेले.
चार माग, वार्पिंगचा एक ढोल,
आणि त्याच्या वडलांनी खिळ्यानं पत्र्यावर कोरलेला
कुठल्याशा सूतवाल्याचा फोन नंबर, पाच आकडी.
काटेवाल्यानं तेवढा पत्रा बाजूला सारला,
म्हणाला, हा ठेवा, याचं काही येत नाही.

मग बसलो रिकाम्या बीमवर ओळीनं,
पन्नाशी उलटलेली चार माणसं,
गुडघे सांभाळत, बशीतून चहा पीत.

"लाईट गेली की जाग यायची बे," गुरुशांत म्हणाला.
खरंच की.
खडक-खट, खडक-खट चालू असेस्तोवर
सगळी घोंगडे वस्ती गाढ झोपायची,
माग थांबले की घराघरातून
लेकरं रडायला लागायची.
शांततेला भिणारी पोरं आम्ही.

आणि चार दिवसांनी नळाला पाणी आलं की
कुणाची तरी अक्का गल्लीच्या टोकावरून ओरडायची,
नीळ्ळु वच्चिनायी!
तेलुगू न येणाऱ्या गुरुशांतच्या घरच्या घागरीसुद्धा
आधी धावायच्या.

मुनाफचे अब्बा रंगमास्तर,
हात कोपरापर्यंत जांभळे.
ईदला गळाभेट घेताना
दोन्ही हात मागे बांधून नुसती छाती पुढे करायचे,
समोरच्याचा नवा सदरा जपत.
मुनाफ ते करून दाखवतो,
आणि दाखवता दाखवता मध्येच थांबतो.

माझी आई विड्या वळायची.
शाळेच्या आधी मी पंचवीसपर्यंत मोजायला शिकले,
पंचवीसला कट्टा बांधायचा, परत एकपासून.
सव्वीस म्हणून काही असतं
हे मला बाईंनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं.
कारखान्यात छाट जास्त निघाली की
त्या रात्री आई कुणाशी बोलायची नाही,
बोटं मात्र चालू.

पण सगळं फिरून येतं ते गटारीवरच.
रंगाच्या कारखान्यातून उघडी वाहणारी आमची गटार.
लाल असली तर चादरी,
पिवळी असली तर कुणाकडं तरी लग्नाचे टॉवेल.
पाणी बघून आम्ही सांगायचो
कुठल्या शेडला ऑर्डर आली,
कुणाच्या घरी शनिवारी पगार होणार.

"आणि मी हिरव्यात पडलो ते!" अंबादास म्हणाला.
"तू? मी पडलो बे. गड्ड्यापर्यंत कान हिरवे होते माझे."
"चल हट, अम्मीनं घासलेट लावून मलाच घासलंय."
तिघंही उठून उभे. तिघांनाही
तोंडात गेलेल्या पाण्याची चव आठवते.
"राजमणी, तू सांग."

गड्ड्यातला फोटो आहे माझ्याकडं,
पुठ्ठ्याच्या विमानात बसलेली पाच पोरं.
पण फोटो काळापांढरा,
सगळ्यांचे कान सारखेच.

पाचवा यादगिरी.
भिवंडीला गेला, आधी दिवाळीला यायचा,
मग नुसतं पत्र, मग तेही नाही.
कान त्याचे होते.

माझ्या दप्तराला तंबाखूचा वास येतो म्हणाला होता तो,
सगळ्यांसमोर, नाक धरून.
माझा हात त्याच्या पाठीवर पडला
तेव्हा मलाच कळलं नाही इतक्या जोरात.
घरी मार खाताना त्यानं एवढंच सांगितलं,
जारि पड्डा. पाय घसरला.
दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला,
हिरवा, काही न बोलता.

"सांग की बे."
"नाही आठवत," मी म्हणाले.
पडायला तिघं तयार आहेत, पडू दे.
ढकललं कुणी
हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

टेम्पो गेला. चहाचे पैसे कुणी द्यायचे
यावरून भांडण झालं, गुरुशांतनं दिले.
अंबादास पत्रा काखेत मारून घरी निघाला.

गटारीवर आता फरश्या आहेत,
वर कुणाची तरी मोटारसायकल लावलेली.
जाता जाता मी उगाच वाकून
दोन फरश्यांच्या फटीतून पाहिलं.
काळं पाणी.
म्हणजे कुठलीच ऑर्डर नाही.